चार खुणांची पेटी

पेटी धाकट्याने आणली. बाजारातून भोपळा आणावा तशी काखेत मारून आणली आणि कारखान्याच्या उंबऱ्यावरूनच म्हणाला, “घे आई. तुझ्या थोरल्याचा निकाल लागला.”

“आधी खाली ठेव,” मी म्हणाले. “दोन्ही हातांनी. आणि निकाल लावायचं काम माझं आहे, तुझं नाही.”

त्याने ती कापड घातलेल्या टेबलावर ठेवली. सारा तंटा त्या टेबलाचाच होता.

आमच्या कारखान्यात पेट्या होतात. सोनाराच्या काट्याच्या, डॉक्टरांच्या हत्यारांच्या, दुर्बिणींच्या, मोजणीच्या यंत्रांच्या. ज्या वस्तूंना हिसका सोसत नाही, त्यांच्या. आमच्या पेटीत खिळा नसतो. चारही कोपरे डव्हटेलचे. एका फळीच्या टोकाला पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दात कापायचे, दुसरीच्या टोकाला त्याच मापाच्या खाचा पाडायच्या, आणि एक दुसरीत अशी बसवायची की ओढून सुटू नये आणि मधून उजेड दिसू नये. हे, म्हणजे माझे यजमान, या कामासाठी नावाजलेले होते. ते गेल्यावर त्यांचे टेबल थोरल्याकडे आले, कारण त्याचा उजवा हात हुबेहूब यांचा होता. ज्याचे ते टेबल, त्याचा कारखाना. बाकीचे कारागीर त्याच्या शब्दावर चालतात आणि तो माझ्या. ही घडी मी बसवली होती.

मग थोरला तुरुंगात गेला. लाकडाच्या वखारीत माल उतरवताना बाचाबाची झाली, त्याने हातातला दांडा उगारला आणि एका हमालाचा हात कायमचा निकामी झाला. त्यात खोटे काही नव्हते आणि कोर्टात त्याने नाकारलेही नाही. त्याला शिक्षा झाली त्या दिवशी मी टेबलावर कापड घातले आणि सर्वांना सांगितले की या कापडाला कोणी हात लावायचा नाही.

धाकटा त्या कापडाकडे पाहून पाहून कंटाळला. त्याचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. टेबल रिकामे असले की कारागीर उंडारतात, आणि गिऱ्हाईक दारात उभे राहून विचारते की बोलायचे कोणाशी. शेवटी एकदा जेवता जेवता तो म्हणाला, “दादा सुटेल तेव्हा सुटेल. त्याला काम जमेल याची खात्री कोण देणार? आत चांगली चांगली माणसं वाया जातात. टेबल मला दे, नाहीतर मला मोकळं कर.”

“काम राहिलंय की गेलं, ते मी पाहीन,” मी म्हणाले.

तुरुंगात सुतारकामाची एक शेड आहे. तिथल्या वस्तू तुरुंगाबाहेरच्या दुकानात ठेवतात. भेटीला गेले तेव्हा मी जाळीपलीकडच्या थोरल्याला सांगितले, “तिथं एक पेटी कर. आपल्या पद्धतीची, चार कोपऱ्यांची. सांधे बसले तर तू येईपर्यंत टेबलावरचं कापड निघणार नाही. नाही बसले तर टेबल धाकट्याचं.”

तो उजवा हात खिशात घालून उभा होता. वडीलधाऱ्यांसमोर असे उभे राहायची आमच्या घरात पद्धत नाही. पण आत राहून माणूस काय काय विसरत असेल, म्हणून मी त्यावर बोलले नाही.

“करतो,” तो म्हणाला.

आणि आता ती पेटी माझ्यासमोर होती.

मी चष्मा पुसला. पेटी खोक्याच्या हलक्या लाकडाची होती. तिथे तेच मिळत असणार. पण लाकडाला दोष देण्यासारखे काही नव्हते. एका कोपऱ्यात दात आणि खाच यांच्यामध्ये पटाशीचे टोक सहज शिरेल एवढी फट होती. तिथली एक फळी दुसरीच्या वर चढून बसली होती. त्यामुळे पेटी सपाट टेबलावर डुगडुगत होती, आणि झाकण एका बाजूला टेकले की दुसऱ्या बाजूला उचलले जात होते.

“दादानं हे दात करवतीनं कापलेत की स्वतःच्या दातांनी?” धाकट्याने विचारले. दोघे कारागीर हसले. मी मान वर केली आणि ते हसायचे थांबले.

थोरली सून कोपऱ्यात सांधे चिकटवायचा सरस शिजवत होती. नवरा आत गेल्यापासून ते काम तिने आपण होऊन अंगावर घेतले होते. ती मुळातच कमी बोले. अलीकडे जे काही सांगायचे ते भांडे ढवळूनच सांगे. आता तिचा चमचा थांबला होता.

“शब्द दिला होतास, आई,” धाकटा म्हणाला.

“माझा शब्द मला आठवतो. आधी पेटी दुरुस्त होईल.”

“ही? हिला चुलीत घाल.”

“या घरात आलेली पेटी वाकडी राहत नाही, मग ती कोणीही केलेली असो. ती बाजूच्या टेबलावर घे, किटली ठेवायला सांग आणि पातळ सुरी आण. उघडायची आहे.”

“मी उघडू?”

“मग काय मी उघडू, या वयात? डोळे माझे, हात तुझे. टेबल हवं आहे ना? टेबलाबरोबर कामही येतं.”

सरस वाफेला सोडतो. यांच्या काळापासून आमच्याकडे दुसरा कोणताही चिकटा चालत नाही तो याचसाठी. चूक झाली तर ती उघडता आली पाहिजे, असे ते म्हणत. थोरल्याने तुरुंगातही कुठून तरी सरसच मिळवला होता. पहिल्या वाफेबरोबर तो ओळखीचा उग्र वास सुटला तेव्हा माझा जीव थोडा भांड्यात पडला.

“कुठल्या कोपऱ्यापासून सुरुवात करू?”

“खुणा पाहा.”

आमची एक शिस्त आहे. कोपरा कापून झाला की फळीच्या आतल्या कडेला, तळाशी, पटाशीच्या टोकाने खूण करायची. पहिल्या कोपऱ्याला एक, दुसऱ्याला दोन, अशा चौथ्याला चार. एका कोपऱ्याची फळी चुकून दुसऱ्याला जोडली जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू. गिऱ्हाइकाला त्या खुणा कधी दिसत नाहीत. धाकट्याने पेटी उलटी केली. खुणा होत्या. वेड्यावाकड्या होत्या, पण होत्या.

सर्वांत वाईट कोपरा एका खुणेचा होता. धाकट्याने त्यावर ओला फडका ठेवला, किटलीची वाफ दिली, सुरीचे पाते सांध्यात सरकवले आणि मोगरीने, त्या जड लाकडी हातोड्याने, हलके हलके ठोकत फळ्या वेगळ्या केल्या. मग दातांची फळी उचलून त्याने खिडकीच्या उजेडात धरली. आता पुन्हा एखादा टोमणा येणार म्हणून मी वाट पाहत होते. आला नाही. त्याने अंगठा एका कापावरून फिरवला, मग दुसऱ्यावरून.

“आई,” तो म्हणाला, “दादानं हे या हातानं कापलेलं नाही.” आणि त्याने आपला उजवा हात वर केला.

“म्हणजे?”

“हात चुकला की करवत पळते. उजव्या हाताची एका अंगाला पळते. ही सगळीच्या सगळी दुसऱ्या अंगाला पळालीय. आणि खाच साफ करताना पटाशी बघ कुठून आलीय ती. सगळे घाव उलटीकडून.” त्याने फळी खाली ठेवली. “हे डाव्या हाताचं काम आहे.”

“तुला काय कळतं त्यातलं?”

“मला नाही कळणार तर कोणाला कळणार?”

कारागिरांनी माना खाली घातल्या. त्यांना ठाऊक होते. धाकटा जन्माचा डावरा. लहानपणी त्याने पहिल्यांदा करवत धरली ती डाव्या हातात, आणि मी त्याच्या डाव्या हाताला फडके बांधले. आमच्या कारखान्यात सगळे उजव्या हातासाठी मांडलेले आहे. फळी पकडणारा शिकंजा टेबलाच्या डाव्या टोकाला. डावऱ्याला तो उजव्या टोकाला लागतो. खिडकीचा उजेडही त्याच हिशेबाने. एका मुलासाठी कारखाना फिरवता येत नाही, मुलाला फिरवता येते. तो रडला आणि शिकला. त्याचे सांधे कधी यांच्यासारखे बसले नाहीत ही गोष्ट खरी. पण मी केले ते घर चालवणाऱ्या बाईने करायचे तेच केले, आणि त्यावर मी वाद घालत नाही.

“तू फडकं बांधायच्या आधी माझी करवत अश्शीच पळायची,” तो म्हणाला.

“दुसरा उघड,” मी म्हणाले.

दुसरा उघडला. तोही डाव्या हाताचाच होता. पण करवत थोडी कमी पळाली होती. तिसऱ्यात दोन दात सरळ होते. हातावर ताबा येत गेलेला त्या चिरांतून दिसत होता. चौथा कोपरा सुटायलाच वेळ लागला, कारण त्यात सुरी शिरायला जेमतेमच जागा होती. धाकट्याने त्याच्या फळ्या वेगळ्या केल्या आणि बराच वेळ हातात धरल्या.

“हा तर मी कापतो तसा आहे.”

“तू याहून वाईट कापतोस,” मी म्हणाले.

तो हसला नाही. कोणीच हसले नाही. सरसाच्या भांड्याजवळून थोरली सून पुढे आली, टेबलावरच्या सुट्या फळ्यांकडे तिने पाहिले आणि त्या दिवसातले पहिले वाक्य बोलली.

“मग उजवा हात कुठे आहे त्यांचा?”

पुढच्या भेटीला मी एकटी गेले. सूनबाई येते म्हणाली होती. मी तिला थांबवले. भेटीची खोली लांबट आहे. मधोमध हातभर रुंद ओटा, त्यावर छतापर्यंत जाळी, जाळीला खाली जागोजागी वस्तू द्यायच्या लहान खिडक्या. दोन्हीकडून माणसे एकाच वेळी बोलत असतात, त्यामुळे तिथे गुपितही ओरडून सांगावे लागते. थोरला आला आणि खिशात हात घालून उभा राहिला.

“उजवा हात वर ठेव.”

“राहू दे ना, आई.”

“ठेव म्हणते ना.”

त्याने हात ओट्यावर ठेवला. अंगठा तळव्याकडे वळून तिथेच राहिला होता. त्याच्या शेजारची दोन बोटे सरळ होत नव्हती. पेरांच्या जागी आडव्यातिडव्या गाठी होत्या. यांचा हात होता तो. त्या हाताने कापलेल्या पेट्या मी डोळे मिटून ओळखत असे.

“यंत्रात गेला का?”

“शेडमध्ये यंत्र कुठलं? मोगरी आहे.”

“कोणी केलं?”

त्याने आजूबाजूला पाहिले आणि जाळीला तोंड लावले. “त्या हमालाचा भाऊ आत आलाय. दुसऱ्याच कुठल्या गुन्ह्यात. शेडमध्येच असतो.” मग म्हणाला, “त्याच्या भावाचा हात, माझा हात. फिट्टंफाट झाली, आई. आता त्याचा काही त्रास नाही. कधी बिडीसुद्धा देतो.”

“मी साहेबांना सांगते.”

“नको. आई, पाया पडतो तुझ्या, नको. मिटलंय ते. मला अजून यांच्यातच राहायचंय.”

“आणि मला कळवलं का नाहीस?”

“कळवलं की. पेटी पाठवली.” त्याने हात पुन्हा खिशात घातला. “तोंडानं सांगवत नव्हतं. म्हटलं, तू सांधे उघडशील, तुला कळेल. टेबल त्याला देऊन टाक. माझं काही म्हणणं नाही.”

“चौथा कोपरा पाहिला मी.”

त्याने मान वर केली. वर्षभरात त्याच्या चेहऱ्यावर काही हलले असेल तर ते तेव्हा. “कसा आहे?”

“पाचवा असता तर बसला असता.”

तो हसला. लहानपणी पाठ थोपटली की हसायचा तसा, खाली बघून. “डावा हात लई हट्टी आहे,” तो म्हणाला. “पण ऐकायला लागलाय. रोज शेड उघडली की थोडं थोडं कापतो. हमालाचा भाऊच फळी धरतो माझी.”

शिपायाने वेळ संपल्याची हाक दिली.

मी जिना चढून साहेबांकडे गेले. मुलाने पाया पडून नको म्हटले होते, हे मला ऐकू आले नव्हते असे नाही. पण माझ्या मुलाचा हात फोडला आणि मी पदर सावरून घरी निघून आले, असे माझ्याकडून होणे नव्हते.

साहेब तरुण होते, बोलायला मऊ होते. “आजी, तुमचा मुलगा म्हणतो की तो पडला.”

“मी तुमची आजी नाही, कैद्याची आई आहे. पडलेला हात कसा दिसतो आणि मोगरीखाली आलेला कसा दिसतो, हे सुताराच्या घरात जन्म काढलेल्या बाईला सांगू नका. तुमच्या शेडमध्ये कोण मोगरी धरतो आणि कोणाचा भाऊ आहे, तेवढं विचारा.”

त्यांनी चौकशी करतो म्हणून सांगितले. आणि त्यांनी ती खरोखरच केली.

घरी आल्यावर मी सूनबाईला सगळे सांगितले. ती उभ्याने ऐकत होती. शेवटी म्हणाली, “पण ते नको म्हणाले होते ना?”

“मी कोणाला विचारून करत नाही.”

“ते माहीत आहे मला,” ती म्हणाली, आणि सरसाकडे गेली. तिने मला उलट उत्तर दिले असे म्हणता येणार नाही. पण त्या दिवशी भांडे ढवळण्याचा आवाज जिन्यापर्यंत येत होता.

पेटीचे काम चालू राहिले. धाकट्याचे म्हणणे होते की चारही टोके कापून टाकावीत आणि नवे सांधे पाडावेत. पेटी चार बोटे आखूड होईल एवढेच. मी नाही म्हटले. कापायचे नाही, भरायचे. त्याच लाकडाच्या पातळ चिपा काढायच्या, त्यांच्या रेषा फळीच्या रेषांशी जुळवायच्या, सरस लावून फटीत दाबायच्या, वाळल्या की पटाशीने तासून सपाट करायच्या. दात जिथे जास्त फुगले होते तिथे आधी जुळवून पाहायचे, जिथे घासते तिथे शिसपेन्सिलीची भुकटी लावायची, पुन्हा बसवायचे, आणि जिथे काळे उमटेल तेवढेच खरवडायचे. या कामाला घाई चालत नाही. एक घाव जादा झाला की फट वाढते आणि पुन्हा चीप आली.

धाकटा चिडचिड करत बसे. “दोन नव्या पेट्या झाल्या असत्या एवढ्यात.”

“दोन नव्या तू वाकड्या केल्या असत्यास. मग चार दुरुस्त कराव्या लागल्या असत्या.”

“तुझ्या तोंडाला रंधा मारायला पाहिजे.”

“आधी तो दात मार. वर आलाय.”

पहिल्या कोपऱ्याला त्याने शेवटी हात घातला. त्यात भरायचेच इतके होते की लाकडापेक्षा चिपा जास्त झाल्या. एका आतल्या खाचेत पटाशी उजव्या हाताने नीट शिरेना. तो वाकला, टेबलाला वळसा घालून दुसरीकडे गेला, तिथूनही जमेना. मग त्याने पटाशी डाव्या हातात घेतली. खाच अलगद साफ झाली. त्याने त्याच हाताने पुढची केली, आणि तिच्या पुढची. मी समोरच स्टुलावर बसले होते. त्याला ते ठाऊक होते, म्हणूनच तो वर पाहत नव्हता. मी पुढची चीप त्याच्या डाव्या हाताशी सरकवली.

चारही कोपरे बसले. पेटी सपाट उभी राहिली, झाकण चारी बाजूंनी एकदम टेकले. जवळून पाहणाऱ्याला पहिल्या कोपऱ्यातल्या चिपा मोजता आल्या असत्या. पण ती डुगडुगत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर्व कारागिरांसमोर मी टेबलावरचे कापड काढले आणि घडी करून सूनबाईच्या हातात दिले. “सांधे बसले नव्हते,” मी म्हणाले. “टेबल धाकट्याचं.” शब्द म्हणजे शब्द, तो कोणासाठी कडू आहे हे पाहून मी तो फिरवत नाही. सूनबाईने घडी छातीशी धरली आणि ती आत गेली.

धाकटा टेबलासमोर उभा राहिला. एवढी वर्षे ज्यासाठी धुसफुसला ते मिळाले तर माणूस छाती काढून उभा राहतो. याने भिंतीवरचा पाना काढला, टेबलाखाली शिरला आणि शिकंज्याचे बोल्ट सोडवू लागला.

“काय चाललंय?” मी विचारले.

“टेबल माझं आहे ना?” आवाज खालून आला.

“आहे.”

“मग विचारू नकोस.”

या कारखान्यात मला असे कोणी बोललेले नव्हते. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी स्टूल ओढून बसले. त्याने शिकंजा सोडवला, पोटाशी धरून टेबलाच्या उजव्या टोकाला नेला आणि तिथे नवी भोके पाडायला घेतली.

“धाकटे मालक,” म्हातारा कारागीर म्हणाला, “उलट्या टोकाला लावताय. आम्ही काय आता आरशात बघून काम करायचं?”

“तुमची टेबलं तुमच्यापाशी, काका. हे असंच राहणार.”

ते त्याने स्वतःसाठी केले की भावासाठी, हे मी विचारले नाही. त्याने विचारू नकोस म्हटले होते, आणि आता टेबल त्याचे होते. जुन्या जागी बोल्टची रिकामी भोके राहिली. त्याने सांध्यांतून उरलेल्या चिपा गोळा केल्या, पण भोके बुजवली नाहीत.

पुढच्या भेटीला गेले तेव्हा ओट्यापलीकडे थोरला आला नाही. बाकीच्यांची माणसे आली, बोलली, गेली. मी जाळीशी उभी राहिले. शेवटी ओळखीचा शिपाई बाहेरच्या दाराने माझ्याकडे आला.

“तो येत नाही म्हणतो.”

“आजारी आहे का?”

“नाही. यायचं नाही म्हणतो.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “बाई, मागच्या खेपेला तुम्ही वर गेलात ना, तिथून सगळं बिघडलं. साहेबांनी त्या दुसऱ्याला शिक्षा दिली. त्याची चार माणसं आहेत आत. त्यांनी तुमच्या मुलाला गाठला. हात सोडून बाकी सगळं बडवलं. आता त्याच्याच भल्यासाठी त्याला वेगळं ठेवलंय, एकट्याला. शेड बंद.”

“शेड बंद म्हणजे?”

“म्हणजे काम नाही. हत्यार नाही. दिवसभर खोलीत.”

भिंतीलगत सिमेंटचा एक कट्टा आहे. मी त्यावर बसले. पलीकडे एक बाई जाळीला गाल लावून कोणाला तरी घरच्या कोंबड्यांची हकिकत सांगत होती. डावा हात ऐकायला लागलाय, असे तो म्हणाला होता. रोज थोडे थोडे कापतो म्हणाला होता, आणि फळी कोण धरतो तेही सांगितले होते. ते सगळे मी एका जिन्याच्या पायऱ्या चढून मोडले होते.

मी उठले.

“परत आत जा,” मी शिपायाला म्हणाले.

“बाई, मी काय तुमच्या घरचा नोकर आहे का?”

“नाही. आईचा निरोप न्यायला नोकर लागत नाही. त्याला सांगा, टेबल धाकट्याला दिलं. आणि धाकट्यानं शिकंजा हलवला. एवढंच सांगा.”

“काय हलवला?”

“शिकंजा. त्याला कळेल.”

तो पुटपुटत गेला. भेटीची वेळ संपत आली होती. दुसरा शिपाई ओट्यावरच्या खिडक्या एकेक करून लावू लागला. कोंबड्यांवाली बाई डोळे पुसून निघून गेली. मी जिथे होते तिथेच उभी राहिले. मला कोणी हटवायला आले नाही. माझ्या उभे राहण्यात तसे काही असावे.

माझा शिपाई परत आला.

“नाही येत म्हणाला.”

मी मान हलवली.

“पण एक विचारलंय.” त्याला स्वतःलाच ते चमत्कारिक वाटत होते. “बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडला होता. मग म्हणाला, जाऊन विचारा, कोणत्या टोकाला?”

माझ्या समोरची खिडकी तेवढी अजून लावायची राहिली होती.

“उजव्या,” मी म्हणाले. “सांगा, उजव्या टोकाला.”

शिपाई पुन्हा आत गेला. खिडकी लावणाऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी कडीवर हात ठेवला आणि त्याला थांबायला सांगितले.